बुधाजी टिंडेलाची लंका

बुधाजी टिंडेलाला जगातलं कुठलंही बंदर विचारा. दुसऱ्या खलाशांना बंदर म्हटलं की दिवे आठवतात, बाजार आठवतो, गुत्ता आठवतो. बुधाजीला आठवायचं ते तिथं पोटात काय गेलं तेवढंच. रंगून म्हणजे केळी. एडन म्हणजे खजूर आणि कोरा चहा. सिंगापूर म्हणजे नुसतंच पाणी पिऊन बोटीवर परत. आता गळ्यात तुळशीची माळ घालून माणसानं बोटीवर नोकरी धरावी, हा काय शहाणपणा झाला? पण धरली खरी. घर गव्हाणचं, आगऱ्याचं, आजूबाजूला तिन्ही त्रिकाळ मासळीचा वास. पण आजोबानं माळ घातली त्या दिवशी घरातून मासळी गेली ती गेलीच. पुढं बोटीवरचा स्वयंपाकी, भंडारी, मटणाचं कालवण ढवळत असायचा आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यात आपल्या वेगळ्या टोपात भात रटरटवत बसायचा. सगळे हसायचे. हसेनात का! खलाशाचा टिंडेल झाला, म्हणजे खलाशांवरचा मुकादम झाला, तरी माळ काही उतरली नाही.

बायको गुणाबाई आणि तीन पोरं पनवेलला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या घरात. बुधाजी वर्षातून एकदा येणार, चार दिवस पाहुण्यासारखा राहणार आणि ट्रंक उचलून चालू लागणार. पोरांची नावं शाळेत कोणी घातली? धाकट्या भावानं, बळीरामानं. थोरल्या सत्यवतीला विषमज्वर झाला तेव्हा उशाशी कोण बसलं? बळीराम. तिचं लग्न कोणी जमवलं? तेही बळीरामानंच, उरणकडच्या धर्मराज पाटलांच्या मुलाशी. धर्मराज पाटील माळकरी, भजनात पुढे बसणारे, शब्दाला वजन असलेले. चांगलं स्थळ. बुधाजीला ते कळलं बोटीवर, आणि तेही लग्न ठरून गेल्यावर.

पन्नास साली तो कायमचा घरी आला. सत्यवतीचं लग्न पुढल्या उन्हाळ्यावर धरलं होतं. घरात पाऊल टाकलं की पोरगी पदर सावरून दाराआड व्हायची, पाणी आणून ठेवायची आणि जायची. बाप म्हणून दोन शब्द बोलावेत तर बोलणार काय? बुधाजीच्या मनात यायचं, हिला सासरी पाठवायची वेळ आली आणि आपली हिची अजून ओळखच नाही. हा एवढाच घोर त्याला लागून राहिला होता.

आणि नेमका तेव्हाच बोटीच्या कंपनीनं त्याला पास दिला. सगळा जन्म बोटीवर घालवलेल्या माणसाला निरोपाची भेट. बायकोमुलांसह, मुंबईहून बोटीच्या डेकवरून, आशियातल्या कुठल्याही एका बंदराला जाऊन या, महिन्याभरानं बोट परत आणील. पनवेलात असा पास कोणी ऐकला नव्हता. तोवर त्या पोरांनी लांबचा गाव म्हणून पाहिला होता तो कर्नाळा, तोही बैलगाडीतून.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओटीवर बैठक भरली. बुधाजी मधोमध.

"बोला, कुठं जायाचं? रंगून?"

"तिथं खायाला काय?" गुणाबाईनं पहिलाच प्रश्न हा टाकला.

बुधाजीनं खरं ते सांगितलं. तिथं मासळी कुजवून तिची चटणी करतात आणि ती भाजीत, आमटीत, कशातही घालतात.

"नको गं बाई!" गुणाबाईनं नाकाला पदर लावला. "पोरांना उलट्या व्हतील."

पिनांग निघालं. तिथं मद्राशांची शाकाहारी खानावळ होती, पण जाताना इतके दिवस पाणी कापायचं की धाकटा पोरगा आधीच आजारी पडायचा. सिंगापूर निघालं आणि तेवढ्याच वेगानं बुडालं. एडनला तर नावालाही हिरवं पान नाही. गुणाबाई एकेक बंदर असं झटकत होती जसे काही तांदळातले खडे. बुधाजीला राग यायला हवा होता, पण गडी मनातून खूश होता. पोरं हळूहळू सरकून त्याच्या मांडीला टेकली होती. जन्मात पहिल्यांदा घर त्याच्याभोवती बसलं होतं.

"कोलंबो ऱ्हायलं," तो म्हणाला. "लंका."

"रावनाची?" गुणाबाई उडालीच. "लेकरं घेऊन रावनाच्या घरी जाव?"

"अगं, रावन मरून किती जमाना झाला! आता तितं चहाचे मले हायेत. नारल हाय, भात हाय. आपल्यासारखाच मुलूख."

तेव्हा दाराआडून आवाज आला. "तितं हत्ती हाय? मोकला फिरनारा?"

सत्यवती विचारत होती. आपणहून. बापाला. मग काय, बुधाजी सुटला. हत्ती नदीत कसे लोळतात, पिल्लू आईच्या पोटाखाली कसं चालतं, एकदा एका हत्तीनं त्याच्या हातातलं केळं सालीसकट कसं उचललं, सगळं सांगितलं. पोरगी दाराआडून उंबऱ्यावर आली, उंबऱ्यावरून ओटीवर आली आणि बापाच्या समोर बसून तोंडावर हात घेऊन हसली. झालं! कोलंबो ठरलं. आता खुद्द रावण आडवा आला असता तरी बुधाजी हटला नसता.

पण खाण्याचं काय? कोलंबोला प्रत्येक भाजीत सुक्या मासळीचा चुरा पडतो, हे बुधाजीला पक्कं ठाऊक होतं. त्यापायीच तो तिथं नुसता भात आणि खोबरं खाऊन राहिला होता. दुकानात तांदूळ घ्यावा तर पोत्याशेजारीच सुकटीची टोपली. गुणाबाईनं निकाल दिला, "मी येते. पन चूल माझी, टोप माझा नि तांदूल आपल्या गव्हानच्या शेतातला. माझ्या पोरांच्या माला मी बाटवनार नाय." बुधाजीला ते पटलं. डेकवरचे लोक स्वतःचं रांधूनच खातात. शेतातला तांदूळ, घरचे पापड, गूळ, कुळीथ. पाच माणसांना महिनाभर पुरेल एवढं.

बळीरामाला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "दादा, धान्यावर कंट्रोल हाय. तांदूल बंदरावर धरतात. मुंबईत न्यायाचा तर परवाना लागतो."

"तो विकनाऱ्याला. आपल्या शेतातला आपन खायाला नेतो."

"त्यांना काय कलनार तू खातो का विकतो?"

"मी सांगेन ना!" बुधाजी म्हणाला. "सात देशांच्या कस्टमसमोर ट्रंक उघडून उभा ऱ्हायलोय मी. पनवेलच्या शिपायाला घाबरू?"

घ्या! आता या माणसाला कोण समजावणार? कंट्रोलची सगळी वर्षं गडी पाण्यावर होता. पनवेलच्या बाया पोटाला, पाठीला तांदळाच्या पुरचुंड्या बांधून मुंबईच्या मचव्यात, त्या शिडाच्या मोठ्या होडीत, चढतात आणि मुंबईत दिवेलागणीला त्या सोडून तांदूळ विकतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. शिपाई बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. तांदूळ झाकलेला असला की त्यांना डोळे झाकता यायचे. ही रीत बुधाजीला ठाऊकच नव्हती.

गुणाबाईला होती. तिनं वाद घातला नाही. नवऱ्याच्या नकळत गोधड्यांची शिवण उसवली, आत तांदूळ पसरला आणि पुन्हा टाके घातले. सत्यवती शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. निघायच्या दिवशी सकाळी बुधाजी वळकटी उचलायला गेला आणि त्याचा हात तिथंच थांबला. गोधडी असते कुठं एवढी जड?

त्यानं टाके फाडले. तांदूळ ओटीवर सांडला.

"तिच्या हातानं शिवून घेतलास?" तो ओरडला. "लगीन व्हऊन जानारी पोर, तिला जाता जाता चोरी शिकवतेस?"

"चोरी नाय ती. समदा गाव करतो."

"मग गावाला करू दे! माझ्या पोरीनं बापाला लपून जाताना नाय बघायाचं."

खरं दुखणं हे होतं. पोरीच्या डोळ्यांत त्याला ताठ उभं राहायचं होतं. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. सगळा तांदूळ त्यानं एका गोणीत भरला, तोंड सुतळीनं बांधलं आणि गोण स्वतःच्या खांद्यावर घेतली. गुणाबाई रिकाम्या गोधड्या गुंडाळत राहिली. नवरा पहिल्यांदाच घरात होता. त्याच्याशी भांडायची सवय तिला कुठून असणार?

बंदरावर भरतीची गडबड होती. मचवा धक्क्याला लागलेला. शिपायानं गोण पाहिली आणि तोच गडबडला बिचारा. म्हणाला, "अहो, एवढं उघड्यावर?" बाजूला धान्यखात्याचा साहेब उभा होता, त्यामुळे त्याचाही इलाज नव्हता.

"परवाना?" साहेबानं विचारलं.

"परवाना कशाला? घरचा तांदूल हाय. आमी माळकरी. आमाला खायाला पायजे."

"मुंबईत रेशनवर मिळत नाही का?"

"मुंबईत नाय, साहेब. आमी लंकेला चाललोय."

बंदरावर एकच हशा पिकला. बुधाजीला वाटलं, साहेबाला खरं वाटत नाही. त्यानं मोठ्या दिमाखात खिशातून कंपनीचा पास काढला आणि पुढे केला. झाली ना पंचाईत! साहेबानं पास वाचला, गोणीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"म्हणजे तू धान्य देशाबाहेर नेतोयस? इथं माणसं उपाशी आणि तू बोटीनं तांदूळ पाठवतोस?"

"पाठवत नाय, साहेब, आमी खा..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. त्याला धक्क्यावर बसवलं. त्याच्या समोरून, फुगलेल्या कमरांच्या बाया एकामागून एक मचव्यात चढल्या. त्यातल्या एकीनं जाता जाता गुणाबाईकडे बघून हळहळून मान हलवली. मचवा सुटला. पास बुधाजीच्या नावावर. त्याच्याशिवाय बायकोपोरांना बोटीवर कोण घेणार? धाकट्यानं भोकाड पसरलं. सत्यवती मात्र रडली नाही. ती बापाकडे बघतही नव्हती. बातमी लागून धावत आलेल्या बळीरामाचा हात तिनं घट्ट धरला होता.

खटला उभा राहिला. बळीरामानं हात जोडले, शेताचे कागद दाखवले, पण देशाबाहेर हा शब्द एकदा कागदावर चढला तो उतरेना. बुधाजी अलीबागला तुरुंगात गेला आणि सुटून आला तोवर पासाची मुदत संपलेली. कंपनीनं दुसरा दिला नाही, यानंही मागितला नाही.

धर्मराज पाटलांनी लग्न मोडलं नाही. भला माणूस. घरी आले, पाणी प्यायले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरगी आमची झाली, तिला आमी सोडनार नाय. पन मांडवात भजनी मंडळी येनार. तुरुंगातून आलेल्या मानसानं कन्यादान केलं तर चार तोंडं बोलतील. बळीरामानं करावं."

बळीराम संतापून उठला. बुधाजीनंच त्याला खाली बसवलं. "बराबर हाय त्यांचं," तो म्हणाला. वेगळं काय म्हणणार होता? पोरीचं लग्न त्याला मोडायचं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तो मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपांपाशी उभा होता. आमच्या आगऱ्यांत लग्न लावते ती धवलारीण. ती गाणी म्हणते, देवांची नावं घेते, मग मुलीच्या घरातल्या माणसांची. म्हातारी धवलारीण खणखणीत आवाजाची. पोरीच्या बापाचं नाव यायच्या जागी तिनं बळीरामाचं नाव घेतलं. बुधाजीनं कान देऊन ऐकलं. त्याला वाटलं, निदान सत्यवती चमकून वर बघेल. तिनं बघितलं नाही. तिला त्यात चुकीचं असं काही ऐकूच आलं नव्हतं.

निघताना ती आईच्या गळ्यात पडली. काकाच्या छातीवर डोकं टेकून इतकी रडली की बायकांनी तिला ओढून सोडवली. मग कोणीतरी सांगितलं म्हणून ती मागच्या अंगणात आली, बुधाजीच्या पायाला हात लावला, डोळे पुसले आणि घरी आलेल्या माणसाला विचारतात तसं विचारलं,

"आता कंदी जानार तुमी?"

तो कायमचा घरी आला होता. हे तिला माहीत होतं. तोंडातून मात्र जन्मभराचा प्रश्नच बाहेर पडला.

"आता नाय जानार," बुधाजी म्हणाला. पण बाहेरून बळीरामानं हाक मारली होती आणि ती वळून चालू लागली होती.