बंद लाइनीत आलेला करंट

ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा पांढुर्ण्याला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वीज विभागाने नुकतेच खांबांवर दुरून चालणारे स्विच बसवले होते. सावरगावची लाइन बंद-सुरू करायला कोणी खांबाशी जात नसे. सौंसरच्या नियंत्रण कक्षातली ऑपरेटर संगणकावरून ते करी.

एका दुपारी लाइन बंद करून घेऊन एक लाइनमन खांबावर चढला आणि तारेत करंट आला. कमरेच्या पट्ट्याने तो लटकून राहिला म्हणून वाचला, पण हात भाजला. बघता बघता ठाण्यासमोर गर्दी जमली. त्याच्या बायकोने फिर्याद दिली, "त्या पोरीनं तिकडून लाइन चालू केली. माह्या नवऱ्याचा जीवच जात होता, साहेब."

ऑपरेटर म्हणजे नगरपालिकेतल्या एका कर्मचाऱ्याची मुलगी, नोकरीत नवीन. महिला हवालदारासमोर तिचं बयान घेतलं. ती रडली नाही. "म्या लाइन बंद केली साहेब, मंग हातच नाही लावला. स्क्रीनवर आताही बंदच दिसून राहिली."

बाहेर लोक म्हणत होते, संगणकातलं पुसून टाकलं असेल. तिला अटक केली असती तर गर्दी घरी गेली असती. वरूनही तसेच फोन येत होते. मी तिला ठाण्यातच थांबवलं, वडिलांना शेजारी बसू दिलं आणि वीज विभागाच्या इंजिनीअरला घेऊन घटनास्थळी गेलो.

पंचनामा चालू असताना तिथली एक म्हातारी आमच्या जमादाराला सहज म्हणाली, "साऱ्या गावची लाइट गेल्ती, पन माहा पंखा हळूहळू फिरून राहिला होता."

इंजिनीअर थबकला. "मग करंट आमच्याकडून आलाच नाही, साहेब. इथूनच कुठून तरी आला."

म्हातारीचं घर आणि शेजारचं मंगल कार्यालय एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर होतं. कार्यालयाचा व्यवस्थापक म्हणाला, "जनरेटर तं आज लावलाच नाही." जमादाराने इंजिनावर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

मी व्यवस्थापकाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गप्प बसलो. ओरडण्यापेक्षा शांत बसलं की माणूस लवकर बोलतो. शेवटी तो म्हणाला, "मिठाई फ्रीजमधी होती साहेब. लाइन तोडून जनरेटर जोडायचा चेंजओव्हर बिघडला होता, म्हनून तार सरळच जोडली."

म्हणजे जनरेटरचा करंट उलटा डीपीत शिरला आणि तिथून वाढून वरच्या तारेत गेला. व्यवस्थापकावर गुन्हा नोंदवला. दवाखान्यात लाइनमननेही सांगितलं, "बंद हाय म्हनले, म्हनून म्या अर्थिंगची साखळी नाही बांधली." ती बांधली असती तर आलेला करंट जमिनीत गेला असता.

संध्याकाळी मुलगी वडिलांबरोबर निघाली तेव्हा लाइनमनची बायको दारात उभी होती. "पोरी, म्या तुले लय वाईट बोलली."

"ते राहू द्या काकू. दादा कसे हायेत, ते सांगा आधी."

बाईने तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मी कागद चाळत असल्याचं दाखवलं.

बटण कोणाच्या हातात आहे हे दिसलं की दोष त्याचाच, असं आपण पटकन धरून चालतो. करंट कुठून आला, हे विचारायला थोडा धीर लागतो. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी माझ्या कामगिऱ्या सांगितल्या, त्यात हे प्रकरण नव्हतं. न केलेल्या अटकेचं कौतुक कोण करणार? मी मात्र हार गळ्यात घेऊन त्याच अटकेचा विचार करत बसलो होतो, आणि मनातून फार बरं वाटत होतं.