काजळीपायी नवरी विरारला

आमची डिझेल गाडी माझ्या प्रेमामुळे आजारी पडली, असं मेकॅनिकचं मत आहे.

ऑफिसला मी बसनेच जातो. पण गाडी नुसती उभी राहून बिघडू नये म्हणून आमच्या पूनम सागर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. जागेवरच! (शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मला वाटायचं, जळतात.)

धाकट्या बहिणीच्या, स्नेहलच्या लग्नात माझा एकच हट्ट होता: पाठवणी माझ्याच गाडीतून, आणि चालवणार मीच. सासर मुर्ध्याला, हॉलपासून जेमतेम वीस मिनिटं. दुपारी नवरा-नवरी मागे बसले, आई रडली, पप्पा रडले आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

मी आमच्या मेकॅनिकला, सलीमभाईंना फोन लावला.

"गाडी रोज चालवतोस ना?"

"चालवत नाही. पण दहा मिनिटं चालू ठेवतो."

"जागेवर?"

"जागेवर."

सलीमभाईंनी मोठा श्वास घेतला. "अरे बाबा, सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी पळाली तरच ती तापते, काजळी जळते. तू रोज नुसती काजळी भरत बसलास. आता हायवेला घे, साठच्या वर, थांबू नकोस. नाहीतर नवरीला ढकलत न्याल."

मी गाडी काशीमिऱ्याकडे, हायवेच्या दिशेने वळवली.

"दादा, सासर तिकडे आहे," स्नेहल म्हणाली.

"माहितीये. आधी काजळी जाळू."

"दादा, आई ताट घेऊन दारात उभीये," नवरदेव नितेश हळूच म्हणाला.

"त्यांना सांग, गाडी तापतेय."

बॉनेटवरची फुलं वसईच्या खाडीत गेली. मागच्या दोन गाड्यांतले वऱ्हाडी (त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं!) इमानदारीत आमच्या मागे विरारपर्यंत आले आणि तसेच परत फिरले. स्नेहल रडायचं विसरून हसत होती.

मुर्ध्याला पोचलो तेव्हा तिच्या सासूबाईंच्या ताटातला दिवा तिसऱ्यांदा लावून झाला होता.

"एवढा येळ? कुठं व्हतास?"

मी तोंड उघडायच्या आत आमची मावशी मागच्या गाडीतून उतरली. "भावाचा पाय निघेना हो. विरारपर्यंत फिरवून आणली."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "असा भाऊ न्हाय मिलत कुणाला."

गाडीतला दिवा तर जाताना वसईच्या पुलावरच विझला होता. पुढे विरारपर्यंत गाडीला काही जाळायचं नव्हतं. मलाच पोरीला अजून थोडं जवळ ठेवायचं होतं.

"डोळ्यांत काय गेलं?" ओवाळून झाल्यावर नितेशने विचारलं.

"धूर," मी म्हणालो. इंजिन बंद करून मला दहा मिनिटं झाली होती.