कापूकाकांनी सोडलेली नोकरी

कारखान्यात त्यांना सगळे कापूकाका म्हणत. काम एकच: अणुबॉम्ब वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांची रिकामी कवचं गॅसच्या ज्योतीने कापायची. शेजारच्या देशाशी तसा करारच झाला होता. त्यांनी त्यांची मोडायची, आपण आपली. तिकडचा एक तपासनीस शेडमध्ये खुर्ची टाकून बसे आणि तुकडे नीट झाले की नाही ते बघे. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे, पण चहा एकाच किटलीतला.

“जन्मभर तोडफोडच केलीत,” बायको चिडवायची.

“कुणाच्या तरी डोक्यावर पडणार होतं, ते मी जमिनीवर पाडलं,” काका ऐटीत म्हणायचे.

मग एका सकाळी ती खुर्ची रिकामी दिसली. करार मोडला होता. आधी कोणी मोडला, यावर दोन्हीकडचे नेते एकमेकांकडे बोट दाखवत होते. काकांना वाटलं, रुसवेफुगवे आहेत, निवळतील. पण थोड्याच दिवसांत शेडमध्ये नवे कोरे पत्रे येऊन पडले.

“काका, आता कापायचं नाही, जोडायचं,” साहेब म्हणाले.

“का पण?”

“ते जोडतायत म्हणून.” साहेबांनी नजर चुकवली. “तिकडचा साहेबही आत्ता हेच सांगत असेल.”

काकांनी तिथल्या तिथे नोकरी सोडली. आपण हात काढून घेतला की काहीतरी अडेल, अशी एक वेडी आशा मनात होती.

काही अडलं नाही. कधीपासून घरी बसलेल्या त्यांच्या मुलालाच त्या जागेवर बोलावणं आलं.

“जाऊ नकोस रे,” काका काकुळतीला आले.

“मी नाही गेलो तर दुसरा जाईल, बाबा. बाळ येतंय. त्याला काय हवेवर वाढवू?”

 

नात झाली. मुलगा संध्याकाळी कामावरून येतो, कोपरापर्यंत हात धुतो आणि आधी तिला उचलून घेतो. एकदा काकांना राहवलं नाही.

“किती जोडून झाली रे?”

“सांगायची परवानगी नाही, बाबा.”

त्याच्या खांद्यावर ती झोपून गेली होती. काका बाहेर येऊन पायरीवर बसले. दुसऱ्या पाळीची माणसं कारखान्याकडे निघाली होती. जुन्या ओळखीच्या दोघांनी हात केला. सवयीने काकांचाही हात वर झाला.