खंडेनवमीचं मशीन

माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

पन्नासच्या दशकात पिंपरीला नवी कंपनी आली. आमचं रान तिच्या कुंपणात गेलं आणि बदल्यात मला तिथं टेंपरवारी कारकुनी मिळाली. पर्मनंट होणं, एवढीच आता घराला आशा. एका वर्षी पर्मनंटसाठी अर्ज मागवले. पहिले बारा जण घेणार होते, आणि माझा अर्ज बारावा होता.

अर्जांवर नंबर टाकायचं मशीन माझ्या ताब्यात असायचं. विलायती, अस्सल पोलादी. दांडा दाबला की खट्ट करून आकडा उमटायचा आणि पुढचा आकडा आपोआप वर यायचा. काय चीज होती राव! आताची पत्र्याची खेळणी बघितली की डोकंच फिरतं.

खंडेनवमीला आमच्यात औतं, विळे, कोयते पुजतात. ऑफिसात माझं अवजार हेच. म्हणून मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला आणि वर मूठभर अक्षता वाहिल्या. हेडक्लार्क हसले, "अरे, नांगर आहे का तो?"

"माझ्यापुरता नांगरच," मी म्हटलं.

दसरा झाल्यावर नंबर मारायला बसलो. अकरावा अर्ज नीट झाला. माझ्या अर्जावर पुन्हा अकराच! अक्षतेचा एक दाणा आतल्या चाकात अडकला होता. आणि मी गाढव, घाबरून पेनानं अकराचा बारा केला.

साहेबांनी तेवढंच पाहिलं. "खाडाखोड. अर्ज बाद."

"साहेब, मशीन अडकलं होतं. रजिस्टरात माझी पाळी बघा की."

"खाडाखोड म्हणजे खाडाखोड. नवा अर्ज भर आणि सगळ्यात शेवटी लाव."

रजिस्टर त्यांच्या हाताशी होतं. उघडलंसुद्धा नाही! आमचं रान घेताना पानंच्या पानं उलटली होती यांनी, आणि माझ्यासाठी एक पान उलटायला हात झडत होते? हेडक्लार्कना सगळं ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"बघतोस काय? पुढचा घे," साहेब म्हणाले.

मी टाचणीनं दाणा काढला, तसं अडकलेलं चाक सरकून बारा वर आला. मशीनला काहीसुद्धा झालं नव्हतं. दांडा दाबला, आणि तेराव्या माणसाच्या अर्जावर ठसठशीत बारा उमटला.