अण्णा वर्कशॉप यांची तीन वाजताची परीक्षा

अण्णांनी माझ्यावर पहिला वार केला तो कीबोर्डनं. थेट टाळक्यात. बटणं अशी उधळली की स्पेसबार खिडकीतून बाहेर गेला आणि खाली रस्त्यावर गिरमिट, म्हणजे आमच्याकडची चुरमुऱ्यांची भेळ, खात उभ्या असलेल्या एका माणसाच्या कागदात पडला. त्यानं तो शेंगदाण्यासारखा चावलासुद्धा. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. पत्ता मात्र माझ्याकडे नाही.

मी तेव्हा हुबळीत, विद्यानगरच्या एका तांत्रिक कॉलेजात सर्वर सांभाळत होतो. अण्णा तिथले वर्कशॉपचे मास्तर. अळणावरकडचे, दंड माझ्या मांडीएवढे, माणसाशी बोलतानाही ऐरणीवर घाव घातल्यासारखे बोलणार. त्या दुपारी तीन वाजता धारवाडात त्यांची फोरमनच्या बढतीची परीक्षा होती. पन्नाशीनंतर तिला बसू देत नाहीत आणि अण्णांना पन्नास पुरी व्हायला महिना उरला होता. म्हणजे ही शेवटची खेप. वर्षभर त्यांनी लेथच्या बाजूला पुस्तक उघडं ठेवून अभ्यास केला होता; पानांना ग्रीसची बोटं लागलेली. आणि हॉल तिकिटावर नाव छापून आलं होतं ‘अण्णा वर्कशॉप’. आधार कार्डावर निराळंच, चांगलं तीन पदरी नाव. असं तिकीट घेऊन गेलेल्याला दारातला शिपाईसुद्धा आत सोडणार नाही.

तिकिटावरचं नाव यायचं ते डिरेक्टरी सर्वरमधून. एलडीएपी म्हणतात त्याला. कॉलेजातल्या प्रत्येक माणसाची त्यात एक नोंद असते: नाव, खातं, फोन, पासवर्ड.

“तू तीन आठवड्यांमागं नाव बदलून झालं म्हणालास,” अण्णा म्हणाले. कीबोर्डचा उरलेला सांगाडा अजून त्यांच्या हातात होता.

“झालंच होतं, अण्णा. सर्वरनं परत फिरवलं असणार. यंत्राचा काय भरवसा?”

“मग आत्ता कर. माझ्यासमोर.”

मी शेजारचा कीबोर्ड ओढला, नाव बदलायचा हुकूम दिला. सर्वरनं तो मागं फेकला. पुन्हा दिला, पुन्हा फेकला. प्रत्येक नकाराला अण्णांची एक थाप माझ्या पाठीत. चौथ्या थापेला माझी कवळी निघाली असती. दात खरे होते म्हणून राहिले. पाचव्या वेळी त्यांनी मला कॉलर धरून उचललं आणि सर्वरच्या कपाटाच्या खिट्टीला शर्टासकट अडकवलं. असा लोंबकळत असताना मी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरचा नकार शेवटपर्यंत वाचला. आमचा हुबळीचा सर्वर म्हणत होता: मी नुसती नक्कल आहे, वाचायला द्यायचं काम माझं. बदल करायचा तर मूळ सर्वरकडे जा. मूळ सर्वर सप्तापूरला, संस्थेच्या मुख्य कचेरीत.

“म्हणजे धारवाडला,” मी वरून म्हणालो.

“हुबळीत एक काम होत नाही की काय रे? सगळ्याला धारवाडच लागतं?” अण्णांनी खिट्टीसकट मला उतरवलं.

एक वाजून गेला होता. अण्णांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. उणकलच्या तळ्याजवळ एक रिक्षावाला आडवा आला. अण्णांनी गाडी न थांबवता त्याचा आरसा उपटला, नवनगरपर्यंत हातात धरला आणि त्यात तोंड बघून मिशी सारखी केली. रिक्षावाला शिव्या देत मागं. त्यानं फेकलेला नट माझ्या कानाला लागला. रक्त आलं. एवढं रक्त की... बरं, दोन थेंब.

सप्तापूरच्या त्या कचेरीत मूळ सर्वर सांभाळणाऱ्या अक्का बसल्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, कपाळभर कुंकू, हातात लोखंडी पंचिंग मशीन. अण्णा आत शिरताच गरजले, “माझं नाव असं कुठल्या मूर्खानं लिहिलं?”

“मी,” अक्का म्हणाल्या. “वही घेऊन तुमच्या भट्टीपाशी आले होते. नाव विचारलं. तुम्ही काय सांगितलंत?”

आमच्याकडे पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस मिजाशीचा समजतात. सगळे ज्यानं हाक मारतात तेच सांगायचं. अण्णांनी ‘अण्णा’ एवढंच सांगितलं होतं, कुठले विचारल्यावर ‘वर्कशॉपचे’ म्हणाले होते.

“सांगितलं ते लिहिलं! आता ओरडायलात माझ्यावर?” अक्कांनी पंचिंग मशीन भिरकावलं. अण्णांनी मान वाकवली आणि ते माझ्या खांद्यावर बसलं. अण्णांनी रागानं टेबल उचललं. अक्कांनी त्यावर रचलेल्या फायली वाचवायला पोलादी पट्टीनं त्यांच्या बोटांवर सपासप मारलं. टेबल खाली आलं ते माझ्या अंगठ्यावर. दोघांच्या भांडणात मार खाणारा मी एकटाच.

“अडीच वाजायला आले, अक्का!” मी किंचाळलो.

अक्का पट्टी टाकून खुर्चीवर बसल्या. हुकूम दिला. मूळ सर्वरनंही नाकारला.

आता मात्र अण्णांचा आवाज बसला. “होणार नाही म्हणायलंय?”

“थांबा हो,” अक्का म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, घाई न करता, तांदूळ निवडावेत तशा. “नोंदीचा पत्ताच तुमच्या नावाचा आहे. ‘अण्णा वर्कशॉप’ हेच घर. त्यातलं नाव नुसतं पुसायला गेलं की सर्वर अडवतो. ज्या फांदीवर बसलोय ती कशी तोडू देईल? अख्खी नोंदच नव्या नावावर न्यायला हवी. त्याचा हुकूम वेगळा.”

त्यांनी तो दिला. जुनं नाव टाकून दे, असंही बजावलं. सर्वरनं निमूटपणे मानलं. प्रिंटर घरघरला आणि तिकिटावर अण्णांचं तीन पदरी नाव आलं. अण्णांनी ते ओठ हलवत वाचलं.

मी लगेच म्हणालो, “बघा, सर्वरचाच दोष. मी तीन आठवडे डोकं फोडायलो होतो.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. “कुठं? तू हुबळीवरून नकार वाचून माझ्याकडे आला असतास तर कळलं असतं. फोन नाही, चिठ्ठी नाही.”

“म्हणजे तेव्हा पण सर्वरनं नाही म्हटलं होतं?” अण्णांनी मला विचारलं.

म्हटलं होतं. तीस जणांचे बदल एका फाइलीत घालून मी सोडले होते, चुका आल्या तरी पुढं चल, असं सर्वरला सांगून. पडदा चुकांनी भरला. मी तो बंद केला, चहाला गेलो आणि जिन्यात अण्णा भेटले तेव्हा झालं म्हणालो.

“म्हटलं होतं,” मी कबूल केलं.

आतापर्यंतच्या माराला मी थोडा मसाला लावला असेल, नाही म्हणत नाही. ही थप्पड मात्र जशी बसली तशी सांगतो. उघड्या हाताची, एकच. आवाज फार नाही झाला. मी भिंतीला टेकलो आणि खाली बसलो. गाल हलत नव्हता. अण्णांनी तिकिटाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, आणि सुजलेल्या बोटांनी पेन धरता येतंय का ते दोनदा बघितलं.

“अक्का, येतो,” म्हणाले. माझ्याकडे न बघता जिना उतरले. दहा मिनिटं उरली होती आणि परीक्षेची इमारत चार पावलांवर.

अक्कांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. “उरलेले एकोणतीस कोण?” त्यांनी विचारलं. मी सुजल्या तोंडानं एकेक सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या.