अकरा म्हणायची सवय

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. शाळा हिंदी, गल्लीत माळवी, आणि धारच्या आमच्या घरात टेबलावर नानांच्या पत्रकांचा गठ्ठा. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी मजकूर लिहायचे: शिक्षकांच्या मनमानी बदल्यांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याविरुद्ध. मी अक्षरं जुळवत ओळीवर बोट फिरवायची आणि ते त्यांचा एकुलता एक नियम सांगायचे, "जे स्वतः पाहिलं नाही, ते छापायचं नाही."

तो नियम मी मोडला. त्यांच्याच बाबतीत मोडला.

गेल्या उन्हाळ्यात नानांना हार्ट अटॅक आला. इंदूरला नेलं, स्टेंट घातला, आठवड्याने घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधाइतकाच व्यायाम महत्त्वाचा. पण हवा तसा नाही, कुणाच्या तरी नजरेखाली. त्यासाठी आठवड्यातून तीनदा धारहून इंदूरला कोण नेणार? मी देवासला, कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेच्या कार्यालयात. घरी फक्त माई, माझी आई. मग रुग्णालयानेच मार्ग काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल. इंदूरहून फिजिओथेरपिस्ट मुलगी, धारला नाना, आणि देवासहून मी.

माईच्या लेखी ती मुलगी पाहुणी होती. पाहुण्यांसमोर बनियनवर बसायचं नाही, म्हणून नानांना इस्त्रीचा सदरा. फोन स्टुलावर टेकवलेला आणि त्याच्यासमोर चहाचा कप, बशीसकट.

"आंटी जी, ये चाय मुझ तक कैसे पहुँचेगी?" मुलगी पहिल्या दिवशी हसली.

"नहीं पहुँची तो क्या हुआ," माई म्हणाली, "पूछना तो हमारा काम है." मग स्क्रीनवरच्या मला मराठीत, "तू हसू नकोस. तुमच्या देवासला पाणीसुद्धा विचारत नसतील."

व्यायाम साधा होता. खुर्चीतून उठायचं, बसायचं. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. बोटाला नाडी मोजणारा चिमटा. आणि दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "अंकल जी, नंबर?" नंबर म्हणजे किती श्रम वाटतात त्याचा आकडा. सहा म्हणजे निवांत बसणं, वीस म्हणजे आता एक पाऊलही नाही. तेराच्या वर जायचं नाही. नाडी औषधाने दाबलेली असते, तिच्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून माणसाने स्वतः सांगायचं.

"ग्यारह, बेटा," नाना सांगायचे. "आनंद है."

दर वेळी अकरा. मग ती फेऱ्या वाढवायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा अकरा.

मी पेटले. जे नानांना मिळतं ते जिल्ह्यातल्या मनावर, राजगढसारख्या गावांतल्या माणसाला का मिळू नये? त्याला इंदूरच्या मोठ्या रुग्णालयाची पायरी चढता आली नाही म्हणून? जिल्हा रुग्णालयाने हे फुकट सुरू करावं, अशी मागणी करणारं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. वर मोठ्या अक्षरांत नानांची हकिगत: धारचे एक निवृत्त शिक्षक, सहा आठवडे, आता वीस मिनिटं चालतात, श्रम फक्त अकरा. छापायच्या आधी मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाषा चांगली आहे." मला ते शाबासकीसारखं वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी न कळवता धारला निघाले. पहाटेची बस, इंदूरला गाडी बदलून दुसरी बस. पत्रकांचा गठ्ठा मांडीवर. घरी पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

नंबर सांगायला नाना फोनजवळ येऊन उभे राहायचे, तेव्हा मला ते छातीपासून वर दिसायचे. दारातून ते पूर्ण दिसले. डावा हात खुर्चीच्या पाठीला असा धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गुडघे थरथरत होते. सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटलेली. फोनला दिसणार नाही अशा कोपऱ्यात माई टॉवेल घेऊन उभी होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अंकल जी, नंबर?"

नानांनी मान वर केली, श्वास आत धरला, चेहरा नीट केला. "ग्यारह, बेटा. आनंद है."

मी स्टुलावरचा फोन उचलला आणि त्या मुलीला दिसेल तसा त्यांच्या हाताकडे, पायांकडे फिरवला. ती एकदम म्हणाली, "बैठ जाइए. अभी. कब से हो रहा है ये?"

माईने उत्तर दिलं. "तीन हफ्ते से. छाती भी भारी होती है."

नाना बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहुण्यांसमोर तमाशा केलास."

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"परक्या पोरीपुढे रोज रडगाणं गायचं? आपल्या घरात कुणी विचारलं तर बरं आहे म्हणतात." मग जरा थांबून, "आणि नंतर तू छापायला निघालीस. तुझ्या पत्रकात अकरा होतं."

माई टॉवेलने त्यांची मान पुसत होती. "बाप छापलास," ती मला म्हणाली, "एकदा येऊन बघायचंस तरी."

मी पत्रकांचा गठ्ठा टेबलाखाली सारला.

त्याच दुपारी इंदूरला नेलं. तपासणीत निघालं की हृदय उन्हाळ्यात होतं त्याहून कमजोर झालं आहे. मी डॉक्टरांना विचारलं, व्यायामाने झालं का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, आजाराचीही स्वतःची चाल असते. पण छाती भरून येते हे तीन आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर तेव्हाच औषध बदललं असतं. ते तीन आठवडे परत येणार नाहीत. नानांना दसऱ्याला पायी तलावापर्यंत जायचं होतं, जुन्या विद्यार्थ्यांबरोबर, दर वर्षीसारखं. आता त्याचं कुणी नाव काढत नाही.

पत्रकं मी वाटली नाहीत. मागणी आजही खरी आहे आणि मी ती पुन्हा लिहीन. पण तो गठ्ठा खोटा होता.

हल्ली मी रविवारी रात्री धारला येते आणि मंगळवारी परत जाते. सोमवारचा कॉल स्वतः पाहते. सदरा गेला, नाना बनियनवर बसतात. चहाचा कप मात्र माईने सोडलेला नाही. फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून: खुर्चीपासून दारापर्यंत, आणि परत.

गेल्या सोमवारी ते दारापर्यंत गेले, चौकटीला टेकले. मुलीने नंबर विचारला. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्गात एखाद्या पोराने चुकीचं उत्तर खोडून बरोबर लिहावं, आणि त्यासाठी त्याला सगळा धीर गोळा करावा लागावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"सोलह," ते म्हणाले.

ते फक्त बारा पावलं चालले होते.

"शाबाश, अंकल जी," ती हळूच म्हणाली. "अब बैठ जाइए."

मी खुर्ची त्यांच्यापाशी नेली.