ओसरीवरची झडती

माझी पिशवी ओसरीवर उलटी केली गेली. मोजपट्टी घरंगळत पायरीपर्यंत गेली. भिंतींची अंतरं मोजायचं लेझरचं यंत्र फरशीवर आपटलं. वही, खडू, पाण्याची बाटली, डबा. डब्याचं झाकण उघडून भाकरी बोटाने उचलून बघितली गेली. आतल्या कप्प्यात सॅनिटरी पॅडचं पाकीट होतं. तेही बाहेर पडलं. समोर पुरुष बसले होते. कोणी मान फिरवली नाही.

मग घरच्या सुनेने मला दाराआड नेलं आणि माझ्या अंगावरून हात फिरवला. सासू उंबऱ्यापाशी उभी राहून सांगत होती, "नेफ्याला बघ. बाहीत बघ."

काही निघालं नाही.

घरमालक खुर्चीत बसून मोबाईल बघत होते. हळद आणि केळीचे मोठे बागायतदार. सगळे त्यांना काकासाहेब म्हणतात. ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, म्याडम. घरात कोनी येऊन गेलं की आमी बघून घेतो. रीत हाय."

त्याच वेळी इन्व्हर्टर दुरुस्त करणारा मिस्त्री आतल्या खोलीतून बाहेर आला. राम राम केला आणि गेला. त्याची पिशवी माझ्या पिशवीपेक्षा मोठी होती. तिला कोणी हात लावला नाही.

आत शिरण्याआधी काकासाहेबांनी मला गाव विचारलं होतं. मी म्हणाले, इथलीच, डोंगरकडा गावाकडची.

"गावातली का तांड्यावरची?"

तांड्यावरची, असं मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी सुनेला हाक मारली. झडती तेव्हाच ठरली होती. मी आत माप घेत असताना सून प्रत्येक खोलीत माझ्या मागे होती. मला वाटलं, मदतीला आहे.

मी घरांची किंमत ठरवण्याचं काम शिकत होते. घर तारण ठेवून बँक कर्ज देते, तेव्हा त्या घराची खरी किंमत सांगणारा माणूस लागतो. त्याला मूल्यांकक म्हणतात. बोलण्यात सगळे व्हॅल्युअर म्हणतात. त्याचा परवाना असतो. सिव्हिलची पदवी लागते, परीक्षा लागते, परवाना असलेल्याच्या हाताखाली काही वर्षं काम केल्याचा दाखला लागतो. शिवाय नावावर गुन्हा नसावा लागतो. पदवी माझ्याकडे होती. परीक्षा मी पास झाले होते. हिंगोलीत ज्यांच्या कार्यालयात मी काम करत होते, त्या सरांचा दाखला तेवढा बाकी होता. आमच्या तांड्यावरून या परवान्यापर्यंत कोणी गेलेलं नव्हतं. जवळपासच्या तांड्यांवरूनही मला कोणी माहीत नाही.

या कामात घर आतून पाहावं लागतं. भिंतीची जाडी. ओल. स्लॅबचा तडा. मागचं दार कुठे उघडतं. खिडक्यांना गज आहेत की नाहीत. माळवदावर जायला जिना कुठून आहे. हे सगळं मी लिहून घेते. चोरालाही नेमकं हेच हवं असतं. सरांनी लिहून घेतलं तर ते काम. मी लिहून घेतलं तर टेहळणी.

आम्ही बंजारा. पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. मग फिरणाऱ्या जातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारे कायदे आले. स्वातंत्र्यानंतर ते गेले आणि अशा जातींना विमुक्त म्हणायला लागले. माझ्या जातीच्या दाखल्यावर तो शब्द आहे. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तांड्यावर येत राहिली. मी तिसरीत असताना गावात कोणाची तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. शिपायांनी आमच्या घरातली कणगी अंगणात रिकामी केली. ज्वारीत मोटर नव्हती. याडी, म्हणजे माझी आई, दोन्ही हातांनी ज्वारी गोळा करत बसली. त्या वर्षी आम्ही मातीसकट भाकरी खाल्ली. बापूने, म्हणजे माझ्या बापाने, शिपायांना काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

म्हणून त्या दिवशी मी ओसरीवरच्या वस्तू गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि निघाले. कोणाला काही बोलले नाही. सरांनाही नाही. कार्यालयात बसून अहवाल लिहिला.

काकासाहेबांच्या घराचा पुढचा भाग त्यांच्या मालकीच्या जागेत आहे. मागच्या खोल्या आणि हळदीचं गोदाम गायरानावर आहे. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. त्यावर कितीही पक्कं बांधलं तरी बँकेसाठी त्याची किंमत शून्य. मी शून्य धरली. सर स्वतः जाऊन घर पाहून आले. त्यांना केशराचं दूध मिळालं. त्यांनी माझी मापं पडताळली आणि अहवालावर सही केली.

काकासाहेबांना हवं तेवढं कर्ज त्या आकड्यावर बसेना.

ते कार्यालयात आले. सोबत पुतण्या होता. माझ्याकडे पाहिलं नाही. सरांच्या समोर बसले, पाऊस, भाव, देवळाचा जीर्णोद्धार, सगळं बोलून झालं. चहा आला. मग ते म्हणाले, "सर, एक तकलीफ झाली. सुनंची सोन्याची पाटली सापडून न्हाई राहिली. ह्या म्याडम येऊन गेल्या त्याच दिवसापासून."

सरांनी कप खाली ठेवला.

"आमी कोनाचं नाव घेतलं न्हाई. पोरगी शिकलेली हाय. उगं तिची जिंदगी काहून खराब करावी. तुमी रिपोर्ट एकडाव पुन्ना बघून घ्या. मागल्या खोल्या तेवढ्या धरा. पाटली काय, घरातच आसंल. सापडंल."

त्यांनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. जाताना पुतण्याने माझ्या टेबलावरचं लेझरचं यंत्र उचललं, भिंतीवर लाल ठिपका पाडून बघितला, तो ठिपका हळूच माझ्या कपाळावर आणला आणि हसून यंत्र खाली ठेवलं.

ते गेल्यावर मी सरांना झडतीचं सांगितलं. पहिल्यांदाच. पिशवीचं, नेफ्याचं, मिस्त्रीचं. सर ऐकता ऐकता सावरले. चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाले, "अगं, मग बरंच झालं की. झडती घेतली, काही निघालं नाही. चार माणसं बघत होती. हाच तुझा पुरावा." त्यांनी कागद पुढे ओढला आणि ओसरीवर कोण कोण होतं, त्यांची नावं विचारायला लागले.

मलाही हायसं वाटलं. मी दोन नावं सांगितली. तिसऱ्या नावाला थांबले.

झडती झाली म्हणून मी चोर नाही. म्हणजे झाली नसती तर मी चोर होते. मिस्त्री झडतीशिवाय चोर नव्हता. सर नव्हते. उद्यापासून मी प्रत्येक घरातून निघताना स्वतःच म्हणायचं, बघा बाई, बघून घ्या, उद्या काही हरवलं तर पुरावा राहील. परवाना मिळाला तरी. केस पांढरे झाले तरी.

मी म्हणाले, "सर, तो माझा पुरावा नाही. ती माझी तक्रार आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते समजावत राहिले. अहवाल बदलणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि बदललाही नाही. पण माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर अनुभवाचा दाखला देणाऱ्यालाही विचारतील, म्हणून हे निवळेपर्यंत दाखला थांबेल. मी तक्रारीचं डोक्यातून काढलं तर लवकर निवळेल, असंही म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी धोका मोजला. तेच त्यांचं काम आहे.

मी पोलीस ठाण्यात गेले. तांड्यावरची बाई, कोणी धरून न आणता. मी अर्ज दिला. या घरात मी कामासाठी गेले होते. माझ्या परवानगीशिवाय माझी पिशवी आणि अंग तपासलं गेलं. गाव-तांडा विचारून तपासलं गेलं. पाटली हरवल्याचं आता बोललं जातं, त्याचीही रीतसर तक्रार घ्यावी आणि तपास करावा.

हवालदाराने अर्ज वाचला. म्हणाला, "न्हाई, पर निघालं न्हाई ना काई? मंग झालं तर. सुटल्या की तुमी."

तोही तेच म्हणाला. मी पोच मागितली. साहेब नाहीत, शिक्का नाही, उद्या या. मी बाकावर बसून राहिले. ठाण्यात येणारा प्रत्येक माणूस आधी मला बघत होता, मग माझ्या हाताला बेडी आहे का ते. दुपार कलली तेव्हा शिक्का सापडला.

त्यानंतर तांड्यावर मोटरसायकली यायला लागल्या. कोणी काही करत नसे. सावकाश एक फेरी मारत, नायकाच्या घरापाशी थांबत, पाणी मागत. ती इंजिनीर पोरगी कोणाची, कोणत्या वारी घरी येते, हिंगोलीत कुठे राहते, एवढं विचारत आणि जात. नायक आमच्या तांड्याचा कारभारी. त्याने दोनदा सांगितलं, माहीत नाही. तिसऱ्यांदा त्याने बापूला बोलावून घेतलं.

माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. तिच्यासाठी नव्या पाटल्या केल्या होत्या. हळदीच्या दिवशी तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. कोणी येऊन ही आमचीच पाटली म्हणालं तर काय करायचं, असं काकीने ठरवलं होतं. पाटल्या गाडग्यात घालून पुरल्या होत्या. तांड्यातल्या दुसऱ्या बायकांनीही अंगावरचं सोनं काढून ठेवलं. मंडपात बायका नाचल्या, पण सोनं कोणाच्याच अंगावर नव्हतं. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "लोकाच्या घराची किंमत काढायला गेली, अन् आमची काढून आली."

हळद काढायला काकासाहेबांच्या रानात दरवर्षी आमच्याच तांड्याची माणसं असतात. यंदा निरोप आला नाही. बाहेरची टोळी येणार, असं कानावर आलं.

बापूने मला अंगणात बसवलं. म्हणाला, "लेकरा, तू शिकली, लई झालं. आता गप ऱ्हा. तू हिंगोलीला ऱ्हातीस. गाडी आली तर ती हितं येईल."

तो बरोबर बोलत होता. 

काही दिवसांनी आला तो पुतण्या, पोलिसांची गाडी नाही. मी घरीच होते. तो बाजेवर बसला. याडीने दिलेलं पाणी त्याने बाजूला ठेवलं, प्यायला नाही.

"पाटली सापडली बरं का. पेटीमागं पडल्याली."

बापू बाजेजवळ येऊन उभा राहिला.

"काकासाहेब म्हनले, झालं गेलं. तुमी तेवढा अर्ज वापस घ्या. सरांशी बोलनं झालंय, दाखला भेटून जाईल. हळदीला बी तांड्याचेच मानसं लावू. आपल्याला काय दुश्मनी करायची हाय का?"

बापूने माझ्याकडे पाहिलं. तांड्याची मजुरी, माझा दाखला, बंद होणाऱ्या मोटरसायकली. सगळं त्या बाजेवर ठेवलेलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. पाटली कधी हरवलीच नव्हती, हे त्याला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं.

मी विचारलं, "माझ्या अंगाला हात लावला ते चुकलं, असं काकासाहेब म्हणाले का?"

तो हसला. "ते काहून म्हनतील?"

"मग अर्ज राहील."

तो उठला. गाडीला किक मारण्याआधी त्याने तांड्याकडे एक नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "बघा बापा," तो बापूला म्हणाला, "तांडा मोठा हाय. लेकरंबाळं हायेत."

बापू अजून माझ्याशी बोलत नाही. टोळी बाहेरूनच आली. याडी आता दर वेळी मी निघताना फाट्यापर्यंत सोडायला येते, बस हलेपर्यंत उभी राहते. दाखला थांबलेला आहे. नांदेडच्या एका व्हॅल्युअरने मला काम दिलं आहे. त्याच्याकडचा अनुभव शून्यापासून मोजला जाईल, हिंगोलीतली वर्षं धरली जाणार नाहीत. परवाना उशिरा मिळेल. कदाचित मिळणार नाही.

जबाबासाठी बोलावणं आलं आहे. मला, आणि त्यांनाही. तारखेपर्यंत पाटली पुन्हा हरवेल, हे मला माहीत आहे. हरवू दे. मी चोरी केली नाही, असं मी तिथे सांगणार नाही. ते सांगायला आमच्या किती पिढ्या ठाण्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मी विचारणार आहे, हात का लावला. उत्तर त्यांनी द्यायचं आहे.